शनिवारवाड्यातला बुजवलेला दरवाजा

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर आजचा विषय ‘राघोबादादांची तीन घरे’ असा छापला आहे. पुण्याचा शनिवारवाडा, नाशिकच्या वेशीवरचे आनंदवल्ली आणि गोदाकाठचे कोपरगाव अशी ही तीन घरे आहेत, आणि तिन्हींकडे मी आपल्याला घेऊन जाणार आहे. परंतु निघण्यापूर्वी मनात अनेक वर्षे घोळणारी एक गोष्ट सांगून टाकतो. ज्याचे नाव घेताच लोकांच्या कपाळावर आठी चढते, अशा माणसाचे घर आपण तिकीट काढून पाहायला जातो, तेव्हा त्या घराने आपल्याला निदान एवढे तरी सांगितले पाहिजे की येथे जे घडले ते घडू कसे शकले. शनिवारवाडा हे सांगू शकतो. आजही, जळून जोत्यापर्यंत आलेल्या अवस्थेतही सांगू शकतो. आपण मात्र त्याला बोलू देत नाही, कारण आपण तिथे जातो ते आधीच पाठ असलेली गोष्ट पुन्हा ऐकायला.

ती गोष्ट या सभागृहात नव्याने सांगण्याचे कारण नाही. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस, अठरा वर्षांचे पेशवे नारायणराव, गारदी, आणि ‘काका, मला वाचवा’ ही हाक. महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात ती कोणी ना कोणी कोणाला तरी सांगितलेली आहे. मी एवढेच विचारतो की आपल्यापैकी किती जण शनिवारवाड्याच्या आत, तटाच्या भिंतीलगत पूर्ण फेरी मारून आले आहेत? हात वर करा. सहा, सात, आणि मागे ते एक गृहस्थ, आठ. धन्यवाद. पुण्यात सारा जन्म गेलेल्या माणसांच्या सभेत आठ हात वर आले, आणि तरीही बाकीच्यांपैकी प्रत्येकाला खून कसा झाला हे ठाऊक आहे. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मी सोबत आणू शकलो नसतो.

घरापूर्वी घरमालकाविषयी थोडे बोलतो. राघोबादादांचा जन्म १७३४ सालचा. थोरल्या बाजीरावांचे हे धाकटे चिरंजीव. १७५८ साली मराठी फौजा लाहोरात शिरल्या आणि पुढे अटकेपर्यंत पोचल्या, त्या मोहिमेचे नेतृत्व यांच्याकडे होते. आज आपल्या घरातला मुलगा परदेशात मोठ्या हुद्द्यावर गेला की आपण अभिमानाने म्हणतो, त्याने अटकेपार झेंडा लावला. ते म्हणताना आपण ज्याचे स्मरण करतो, तो आणि पुतण्याच्या खुनाने ज्याचे नाव कायमचे काळवंडले तो, हे दोघे एकच गृहस्थ आहेत. हे मी दादांची बाजू घ्यायला सांगत नाही. त्यांच्या लेखी हुकमाशिवाय गारदी त्या दिवशी वाड्यात शिरले नसते, आणि नारायणरावांना धरण्याचा हुकूम आपण दिला होता हे त्यांनी न्यायाधीश रामशास्त्र्यांपुढे कबूल केल्याचे इतिहासात नमूद आहे. त्या जबाबदारीतून त्यांना कोणीही सोडवू शकत नाही. परंतु असा पराक्रमी, उतावळा, मानी आणि कर्जात बुडालेला माणूस त्या दिवशी त्या वाड्यात कोणत्या अवस्थेत राहत होता, हे कळल्याशिवाय त्या घराला भेट देणे व्यर्थ आहे.

आता माझी तक्रार. ती जरा लांबेल, पण ती सांगण्यासाठीच मी आज आलो आहे, असे समजलात तरी चालेल.

मागे एकदा मी वाड्यात सकाळच्या वेळी गेलो होतो. एका शाळेची सहल आली होती. पाचवी-सहावीची चाळीसेक मुले, दोन शिक्षिका आणि माहिती सांगणारे एक गृहस्थ. आवाज खणखणीत, सांगण्याची हातोटी उत्तम, मुले अगदी चिडीचूप. हे सर्व जण हजारी कारंज्याच्या कठड्यापाशी उभे होते. ते गृहस्थ सांगत होते की नारायणराव जीव वाचवण्यासाठी या कारंज्याभोवती धावले, मागून गारदी धावले, आणि अजूनही पौर्णिमेच्या रात्री या कारंज्यापासून ती हाक ऐकू येते. मुलांच्या अंगावर काटा आला होता, हे मला दिसत होते. एका मुलीने शेजारणीचा हात घट्ट धरला होता.

श्रोतेहो, ते कारंजे सवाई माधवरावांसाठी बांधलेले आहे. सवाई माधवराव म्हणजे नारायणरावांचे चिरंजीव, ज्यांचा जन्म वडिलांच्या खुनानंतर साडेसात महिन्यांनी, १८ एप्रिल १७७४ रोजी, पुरंदर किल्ल्यावर झाला. ज्या मुलाच्या करमणुकीसाठी सोळा पाकळ्यांच्या कमळाचे ते कारंजे घडवले गेले, तो मुलगा त्या दिवशी आईच्या पोटात होता. बापाला त्या कारंज्याभोवती धावायला लावणे म्हणजे त्या घराण्याच्या दोन पिढ्यांचे दुःख एकमेकांत कालवणे आहे. आणि ते इथेच थांबत नाही. पुढे त्याच सवाई माधवरावांनी १७९५ च्या ऑक्टोबरात याच वाड्यात वरच्या मजल्यावरून कारंज्यापाशी पडून प्राण गमावले. ते वयाने एकवीस वर्षांचे होते. म्हणजे त्या कारंज्याची स्वतःची एक खरी, कमी भयानक नसलेली कहाणी आहे. ती सोडून आपण त्याच्या गळ्यात दुसऱ्याचीच कहाणी बांधतो.

मी त्या गृहस्थांवर रागावलो नाही. माणूस कामात प्रामाणिक होता; त्याला कोणी तरी हेच सांगितले होते, आणि ऐकणाऱ्यांना हेच आवडते हे त्याला अनुभवाने कळले होते. मला वाईट वाटले ते पुढे जे घडले त्याचे. सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, कोणाला काही प्रश्न? तेव्हा मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारले, “सर, मग काका कुठे राहायचे?” किती नेमका प्रश्न! या वाड्याविषयी मी वाचलेल्या पुष्कळशा लिखाणात हा प्रश्न विचारलेलाच नाही. उत्तर आले की ते इकडेच कुठेतरी राहायचे, आणि हात अर्धवर्तुळात फिरला, त्यात अर्धा वाडा आला. मग शिक्षिकांनी घड्याळ पाहिले, रांग झाली, आणि मुले दिल्ली दरवाज्याच्या दिशेने निघून गेली. त्या मुलापाशी जाऊन दोन शब्द बोलावे असे मला फार वाटत होते, पण रांग पुढे गेली होती आणि परक्या माणसाने मधेच शिकवायला जाणे बरे दिसले नसते. म्हणून त्याला द्यायचे उत्तर मी आज आपल्याला देतो.

काका त्याच वाड्यात राहायचे. आणि ते कैदेत होते.

याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. दादांचे थोरले बंधू नानासाहेब पेशवे यांच्या मृत्यूनंतर त्यांचे चिरंजीव थोरले माधवराव पेशवे झाले, आणि काका-पुतण्यात सत्तेवरून वारंवार खटके उडू लागले. १७६८ साली धोडपच्या लढाईत माधवरावांनी दादांचा पराभव केला आणि त्यांना पुण्यास आणून शनिवारवाड्यात कैदेत ठेवले. पुढे क्षयाने खंगलेल्या माधवरावांनी अखेरच्या दिवसांत त्यांना मोकळे केले, थेऊरला जवळ बोलावून धाकट्या भावाचा, म्हणजे नारायणरावांचा, हात त्यांच्या हातात दिला, आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी देह ठेवला. तो सलोखा सहा महिनेसुद्धा टिकला नाही. १७७३ च्या एप्रिलात नारायणरावांनी दादांना पुन्हा कैदेत टाकले, आणि कुठे, तर आपण स्वतः पुण्यात असताना जिथे राहतो त्याच वाड्यात. सातारा, पुरंदर, नगर, शिवनेरी, कैदेला योग्य असे किती तरी किल्ले हाताशी होते. पण आपला काका डोळ्यांआड नको, म्हणून तो उंबऱ्याच्या आतच ठेवला. राज्य करणारा पुतण्या आणि कैद झालेला काका, त्यांच्या त्यांच्या बायका, त्यांचे त्यांचे कारकून, आचारी, खिदमतगार, सगळे एकाच तटाच्या आत. एकाच्या दिवाणखान्यातली मसलत दुसऱ्याच्या देवघरापर्यंत जायला एक कुळंबीण, म्हणजे दासी, पुरे होती. ज्यांनी एकत्र कुटुंबातले भावकीचे वाद पाहिले आहेत, त्यांना अधिक सांगायला नको.

आणि आता तो दरवाजा, ज्यासाठी मी आजच्या व्याख्यानाला हे नाव मनातल्या मनात दिले आहे.

आपण दिल्ली दरवाज्याने आत जातो. त्याच्या प्रत्येक कवाडावर ७२ पोलादी खिळे आहेत. शत्रूने हत्ती घालून दरवाजा फोडायचा प्रयत्न केला तर हत्तीच्या गंडस्थळात ते घुसावेत अशा उंचीवर बसवलेले. कवाडातून सरळ आत जाता येत नाही, वाकून दिंडीतून, म्हणजे कवाडातल्या लहान दारातून, जावे लागते. आत शिरल्यावर वाट वळते, म्हणजे धावून येणाऱ्याचा वेग मोडतो. वर नगारखाना, दोन्ही बाजूंना बुरूज. ही सगळी तजवीज उत्तरेकडून येणाऱ्या शत्रूसाठी केलेली आहे. थोरल्या बाजीरावांनी १७३० च्या जानेवारीत पाया घातला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे असलेला शत्रू बाहेरचा होता. तो शत्रू या दरवाज्याने कधी आलाच नाही.

गारदी कुठून आले? ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने मराठ्यांचा जो इतिहास लिहिला, त्यात याचे स्पष्ट उत्तर आहे. पूर्वेकडील प्रवेशद्वारापासून जवळच एक दरवाजा अर्धवट बांधून झालेला होता, आणि त्या दरवाज्याने मारेकरी आत आले. तो दरवाजा नव्यानेच उघडलेला होता. तो कोणी उघडला, आणि का? नारायणरावांनी. दादा राहत होते त्या भागाच्या वाटेपेक्षा आपली जाण्यायेण्याची वाट वेगळी असावी, यासाठी. आणि खुनानंतर तो दरवाजा बुजवून टाकण्यात आला.

हे वाक्य मी प्रथम वाचले, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. अठरा वर्षांच्या त्या तरुणाला काकाच्या दारावरून रोज जाणे नकोसे झाले होते. भीतीने म्हणा, लाजेने म्हणा, रागाने म्हणा. बहुधा तिन्ही असावीत, असे मला वाटते. त्याने गवंडी बोलावले, भिंत फोडली, स्वतःसाठी स्वतंत्र दार काढले. ते पुरे होण्याआधी, कवाडे आणि पहारा बसण्याआधी, त्याच दारातून मृत्यू आत आला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत हलवून सोडणारी गोष्ट हीच आहे, आणि ती दगडामातीची गोष्ट आहे. घर पाहायला येणाऱ्या माणसाला ती हाताने दाखवता येईल, अशी आहे. ग्रँट डफचा ग्रंथ प्रसिद्ध झाला १८२६ साली, आणि वाडा जळाला १८२८ च्या फेब्रुवारीत. म्हणजे हे लिहिले गेले तेव्हा वाडा उभा होता, बुजवलेल्या दरवाज्याची जागा बोट ठेवून दाखवता येत होती, आणि खुनाच्या वेळी जाणती असलेली थोडीफार म्हातारी माणसे हयात होती. साहेबाच्या इतिहासात चुका आहेत, पूर्वग्रह आहेत, आपल्या इतिहासकारांनी त्यांचा समाचारही घेतला आहे. पण एका घरातला एक दरवाजा का उघडला आणि का बुजवला, हे खोटे सांगण्यात त्याला काही लाभ नव्हता.

आता तो दिवस या वाटेने चालून पाहा. सकाळपासून गारद्यांमध्ये चुळबुळ होती. हे पेशव्यांच्याच पदरी पगार घेणारे, वाड्याच्या चौकी-पहाऱ्यावर असणारे पायदळ. सुमेरसिंग, महंमद इसब आणि खरगसिंग हे त्यांचे म्होरके. पगार थकल्याची त्यांची तक्रार होती, आणि त्या तक्रारीच्या आडून दादांच्या माणसांनी त्यांच्याशी संधान बांधले होते. काहीतरी शिजते आहे, हे नारायणरावांच्या कानावर आले. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितले. हरिपंत म्हणाले, करतो, आणि आधी जेवायला गेले. मी हरिपंतांची निंदा करत नाही. पुढे त्यांनी या दौलतीची जी सेवा केली ती सर्वांना माहीत आहे. पण पगारासाठी शिपाई आरडाओरडा करत वाड्यावर येणे ही त्या काळी इतकी नेहमीची बाब झाली होती, की तिची दखल जेवणानंतर घेतली तरी चालेल, असे एका अत्यंत दक्ष माणसालासुद्धा वाटले. दौलतीवर पानिपतानंतरचे कर्ज होते, फौजेचे पगार थकत होते, पैसे मागणारा सशस्त्र जमाव आणि मारायला आलेला सशस्त्र जमाव हे लांबून सारखेच दिसत होते. ज्याला हे कळले, त्याला खून कसा झाला यातले निम्मे कळले.

दुपारी नारायणराव विश्रांती घेत असताना गारदी त्या नव्या दारातून शिरले. आडवे आलेल्या नोकरांवर, ब्राह्मणांवर तलवारी चालल्या. कुळंबिणीही सुटल्या नाहीत. एक गायसुद्धा मारली गेली. नारायणराव धावत सुटले ते काकांच्या दालनाकडे. ज्या वाटेवरून जाणे टाळण्यासाठी भिंत फोडली होती, शेवटी त्याच वाटेने ते धावले. दादा पूजेत होते असे सांगतात. पुतण्याने त्यांना मिठी मारली. मागून आलेल्या सुमेरसिंगाने दादांना दरडावले की त्याला सोडा, नाही तर तुम्हीही मराल. दादांनी मिठी सोडवली. तुळाजी पवार या दादांच्या चाकराने नारायणरावांना पाय धरून ओढले. आणि याच क्षणी चापाजी टिळेकर नावाचा नारायणरावांचा खिदमतगार, हातात काहीही शस्त्र नसताना, आत धावला आणि त्याने धन्यावर स्वतःचे अंग टाकले. दोघेही तिथेच कापले गेले.

चापाजी टिळेकर. हे नाव मी मुद्दाम पुन्हा उच्चारतो, कारण शनिवारवाड्याच्या कोणत्याही सांगण्यात ते मी ऐकलेले नाही. भुताची हाक सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या हाकेला जो एकटा धावून आला त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. ज्या घरात सरदार, कारभारी, मुत्सद्दी यांचा राबता होता, त्या घरात त्या घटकेला पेशव्यांच्या अंगावर पडायला एक खिदमतगार मिळाला. सखारामबापूंसारखा अनुभवी कारभारी त्या वेळी कोतवाल चावडीवर होता, आणि बातमी त्याच्यापर्यंत पोचेतो सारे संपले होते. तो कटात होता की नव्हता, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. चापाजीबद्दल चर्चेला जागाच नाही. आपल्याला वाड्यात कोणाचे स्मारक उभारायचे असेल, तर मी त्याचे नाव सुचवतो.

कागदाविषयीही दोन शब्द बोलतो, कारण आपल्यापैकी पुष्कळ जण त्याचीच वाट पाहत असाल. नारायणरावांना धरावे असा हुकूम होता आणि दादांच्या पत्नी आनंदीबाईंनी एक अक्षर फिरवून मारावे असे केले, ही कथा. हुकमात बदल झाला होता, असे रामशास्त्री प्रभुण्यांच्या चौकशीत निघाल्याचे सांगतात. तो बदल आनंदीबाईंच्या हातचा, हा मात्र लोकांचा समज. तो बखरींनी उचलला, मग नाटकांनी, मग शाळामास्तरांनी, आणि आता वाडा दाखवणाऱ्यांनी. बाई महत्त्वाकांक्षी होत्या, नवऱ्याच्या कैदेने चिडलेल्या होत्या, हे मान्य. पण ही कथा सांगून झाली की ऐकणाऱ्याचे समाधान होते आणि तो पुढचे विचारत नाही. पगार का थकले होते, पहारेकरीच मारेकरी कसे झाले, सुटका करणाऱ्यांना लाखांची आणि किल्ल्यांची आमिषे कोण दाखवत होते, हे सगळे प्रश्न एका बाईच्या लेखणीच्या टोकाखाली झाकून जातात. अडीचशे वर्षे आपण एका पुरुषाच्या हुकमाचे, आणि ढासळलेल्या बंदोबस्ताचे ओझे एका अक्षरावर टाकत आलो आहोत. मला हे अन्याय्य वाटते, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो.

त्यापेक्षा वाड्यात रामशास्त्र्यांविषयी अधिक बोलले जावे. खुनानंतर पेशवाईची वस्त्रे दादांनाच मिळाली होती. सत्ता त्यांची, फौज त्यांची. आणि त्यांच्याच न्यायाधीशाने चौकशी करून, तोंडावर, या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असे सांगितले आणि पुणे सोडले.

आता अध्यक्षांनी चिठ्ठी पुढे केली आहे. दहा मिनिटे उरली असल्याचे त्यावर लिहिले आहे, आणि आनंदवल्ली व कोपरगाव दोन्ही बाकी आहेत. वेळेचे बंधन पाळतो, आणि भरभर पुढे जातो.

आनंदवल्ली नाशिक शहराच्या पश्चिमेला, गोदावरीच्या काठावर आहे. दादांचा तिथला वाडा आता पाहण्याजोगा उरलेला नाही. लोक जातात ते नवश्या गणपतीच्या दर्शनाला, आणि तो गणपती दादा व आनंदीबाईंच्या नवसाशी जोडला जातो. तरी तिथे नदीकाठी उभे राहावे, कारण तिथून थोडे वरच्या अंगाला गंगापूर आहे, आणि गंगापुरास नारायणरावांच्या मातोश्री गोपिकाबाई राहत असत. खून झालेल्या मुलाची आई आणि खुनाचा ठपका जिच्यावर आला ती जाऊ, दोघींची गावे एकाच नदीकाठी, चालत जाण्याच्या अंतरावर. वाड्यातली ती दोन बिऱ्हाडे पुण्याबाहेरही एकमेकींच्या शेजारीच राहिली. दादांच्या मृत्यूनंतर आनंदीबाई मुलांसह कारभाऱ्यांच्या नजरकैदेत दिवस काढत होत्या. १७९४ साली त्यांचा शेवट या नाशिकच्या परिसरातच झाला.

कोपरगावचे घर हे पराभूत माणसाचे घर आहे. मधला इतिहास आपल्याला माहीत आहे: दादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांचे, म्हणजे बारभाईंचे कारस्थान, दादांचे इंग्रजांकडे जाणे, १७७५ चा सुरतेचा तह, १७७९ च्या जानेवारीतली वडगावची लढाई, आणि शेवटी १७८२ चा सालबाईचा तह. ज्या इंग्रजांना दादांनी घरच्या भांडणात हाताला धरून आणले, त्यांनी मुंबईजवळची साष्टी स्वतःकडे ठेवली आणि दादांना पेशव्यांच्या हवाली केले. त्यांना महिना २५,००० रुपयांची नेमणूक ठरली आणि राहायला कोपरगाव मिळाले. १७८३ च्या डिसेंबरात ते तिथेच वारले, वयाच्या पन्नाशीच्या आत. कोपरगावला गेलात तर हे ध्यानात घ्या की शनिवारवाड्यातल्या कैदेतून सुटण्यासाठी ज्याने एवढा अनर्थ केला, त्याचा शेवटही नेमून दिलेल्या ठिकाणीच झाला. त्यांचे चिरंजीव दुसरे बाजीराव पुढे पेशवे होऊन शनिवारवाड्यात आले खरे, पण त्यांनी शहरात स्वतःसाठी दुसरे वाडे उठवले, आणि आज आपण विश्रामबागवाडा म्हणून जो पाहतो, तिथे ते वर्षानुवर्षे राहिले. बापाचे घर मुलालाही मानवले नाही.

शेवटची पाच मिनिटे मी माझ्या सूचनेसाठी मागतो, कारण खरे तर तेवढ्यासाठीच आपण मला बोलावले होते. शनिवारवाडा दाखवण्याचा क्रम बदलावा, असे माझे म्हणणे आहे. दिल्ली दरवाज्यापाशी खिळे आणि दिंडी दाखवावी, आणि हा बंदोबस्त कोणाविरुद्ध होता ते सांगावे. तिथून उजवीकडे न वळता, कारंज्याकडेही न जाता, आधी पूर्वेच्या तटाकडे न्यावे. खिडकी दरवाजा आणि गणेश दरवाजा या दोहोंच्या मधल्या भिंतीपाशी थांबून, नारायणरावांनी काढलेल्या आणि खुनानंतर बुजवलेल्या दाराची हकिगत तिथेच सांगावी, आणि सांगताना ती कोणत्या ग्रंथात आहे हेही सांगावे. त्यानंतर वाड्याच्या जोत्यांवरून चालत, एका तटाच्या आत दोन बिऱ्हाडे कशी होती हे मुलांना समजावून द्यावे. तिथे चापाजी टिळेकराचे नाव घ्यावे. मग दक्षिणेच्या नारायण दरवाज्यापाशी जावे, कारण नारायणरावांचे शव त्या बाजूने बाहेर नेले, आणि तिथे रामशास्त्र्यांच्या चौकशीची आणि पुढे सापडलेल्या मारेकऱ्यांना मिळालेल्या शिक्षांची माहिती द्यावी. कारंजे सर्वांत शेवटी ठेवावे, आणि तिथे फक्त सवाई माधवरावांची कथा सांगावी.

याला पैसा लागत नाही. एक फलक, दगडावर न कोरता साध्या पत्र्यावर रंगवलेला, पूर्वेच्या भिंतीजवळ लागला तरी काम होईल. त्या फलकाचा मजकूर मी तयार केला आहे. तो मराठीत आहे, आठ ओळींचा आहे, आणि त्यात भूत नाही. ज्यांना हवा असेल त्यांनी कार्यक्रमानंतर माझ्याकडून प्रत घ्यावी, वाचावी, चूक आढळली तर पुराव्यानिशी दुरुस्त करावी. येथे शाळेतल्या शिक्षिका बऱ्याच संख्येने आल्या आहेत. त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या सहलीच्या आधी वर्गात वाड्याचा नकाशा फळ्यावर काढून पाच दरवाजे मुलांकडून भरून घ्यावेत, आणि सहाव्याची जागा त्यांना विचारावी.